फोटोतले फूल कोणत्या महिन्यातले?

लग्न ठरले की पूर्वी घरात आधी वही निघायची. दावतीला कोणाकोणाला बोलवायचे, देगी किती चढवायच्या, मांडववाला कोण. फुलांसाठी त्या वहीत वेगळे पान नसायचे. फुलवाल्याला चार दिवस आधी निरोप जायचा: एक सेहरा, पाच-सात हार, बायकांना गजरे. रंग कोणता, फूल कोणते, हे कोणी विचारत नसे. त्या दिवशी बाजारात जे आले ते सेहऱ्यात गेले.

आता वहीच्या आधी मोबाइल निघतो. नवरीने, बहुतेक वेळा साखरपुड्याच्या आधीच, पिंटरेस्टवर नाहीतर इन्स्टाग्रामवर फोटो साठवून ठेवलेले असतात. मेहंदीचे वेगळे, निकाहचे वेगळे, वलीम्याचे वेगळे. मग ते फोटो अम्मीला दाखवले जातात, अम्मी अब्बांना दाखवते, अब्बा डेकोरेटरला दाखवतात, आणि डेकोरेटर जो आकडा सांगतो त्याने घर दोन दिवस गप्प होते.

शाळेत शिकवत असल्यामुळे असे मोबाइल आमच्या हातात बरेचदा येतात. "टीचर, हे बघा आणि हिला समजवा," असे म्हणून आई फोन पुढे करते. जुनी विद्यार्थिनी शेजारी मान खाली घालून बसलेली असते. या फोटोंना हसणाऱ्यांत आम्ही नाही. आपल्या घरांत तारीख मोठी माणसे ठरवतात, हॉल मामू ठरवतात, जेवणात काय हे चाचा आणि भटारी मिळून ठरवतात. मुलीने स्वतः निवडलेले काही असेल तर ते या फोटोंत असते. ते "वेड" म्हणून बाजूला सारण्याआधी निदान वाचावे तरी.

वाचावे हा शब्द मुद्दाम वापरला. लहान वर्गांत आम्ही चित्रवर्णन घेतो. चित्र समोर धरायचे आणि मुलांना विचारायचे, काय काय दिसते? पहिले उत्तर नेहमी मोघम येते: "बाग आहे." मग एकेक प्रश्न विचारत जावे लागते. झाडे किती? ऊन कुठून येते? बाकावर कोण बसले आहे? लग्नाच्या फोटोंचे तेच आहे. "असंच स्टेज पाहिजे" हे "बाग आहे" म्हणण्यासारखे झाले. त्यावर डेकोरेटरला आकडा सांगता येतो, घराला निर्णय घेता येत नाही.

तर आधी फुलाचे नाव. त्या फोटोंत एक फिकट गुलाबी, कोबीच्या गड्ड्यासारखे गुबगुबीत फूल असते. ते बहुधा पिओनी. थंड देशातले झाड आहे. हिवाळाभर कडक थंडी सोसल्याशिवाय त्याला कळी धरत नाही, आणि बहर येतो तो वर्षातून काही आठवडे. महाराष्ट्राच्या हवेत ते होत नाही. कोणी हट्टाने मागवले तर विमानाने येते आणि एकेका काडीचा दाम लागतो. निळसर-जांभळ्या फुलांचे गोल गुच्छ असतात ते हायड्रेंजिया. त्याला पाणी फार लागते. मे महिन्यात उघड्या मांडवात ते बघता बघता मान टाकते. पांढरा चुरा उधळल्यासारखे दिसते ते जिप्सोफिला, ते मात्र पुण्या-मुंबईच्या बाजारात मिळते. पिओनीचा भरगच्चपणाच आवडला असेल तर कार्नेशनचे घट्ट गुच्छ किंवा पूर्ण उमललेल्या डच गुलाबाच्या पाकळ्या बोटाने बाहेर वळवून बरेच जवळ जाता येते. चांगल्या कारागिराला हे ठाऊक असते. त्याला विचारावे लागते, एवढेच.

आणि काही फोटोंत तर फूलच नसते. कापडाची, प्लास्टिकची फुले असतात. वर्षभर टेम्पोतून या हॉलमधून त्या हॉलमध्ये फिरणारी. प्लास्टिकच्या फुलांनी आपला बाजार मारला म्हणून फूल उत्पादक शेतकरी त्यांच्यावर बंदी मागत आहेत. २०२५ मध्ये हा विषय राज्याच्या विधानसभेतही आला. हल्ली तर संगणकाने बनवलेली चित्रे मिसळलेली असतात. नीट पाहिले तर फांदी हवेतून निघते आणि एका वेलीला तीन जातींची फुले लागलेली दिसतात. असे फूल जगात कुठल्याच बाजारात नाही, मग ते आपल्या तालुक्याच्या बाजारात कुठून येणार?

पिंटरेस्टची एक सवयही मुलींना सांगावी लागते. २०१० साली सुरू झालेली ही जागा. आवडलेले चित्र तिथे आपल्या "बोर्डा"वर टाचून ठेवता येते. ज्या चित्रावर आपण थांबलो तसलीच चित्रे ती पुढे आणत राहते. महिनाभर पांढरे-गुलाबी स्टेज पाहिले की मुलीला वाटू लागते, सगळ्यांची लग्ने अशीच होतात, आपलेच तेवढे साधे. प्रत्यक्षात गेल्या वर्षभरात मोहल्ल्यात झालेल्या लग्नांपैकी किती तशी होती, हे एकदा बोटांवर मोजायला सांगावे.

आता महिन्याची गोष्ट, जी आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि फोटोत कुठेच लिहिलेली नसते. फुलांचा हिशेब सूर्याच्या वर्षाने चालतो. मोगरा उन्हाळ्याचा, मार्चपासून वाढतो, एप्रिल-मेमध्ये भरपूर. जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा त्या दिवसांत दादरच्या फूलबाजारात पोत्यांनी उतरतो. डिसेंबरात तोच मोगरा थोडा येतो आणि भाव खातो. शेवंतीला रात्री लांबल्या की कळ्या धरतात, म्हणून तिचा मोसम हिवाळ्याचा. कुंद थंडीतला, जाई-जुई पावसाळ्यातल्या. कोकणातली सुरंगी तर फेब्रुवारी ते एप्रिल, तेवढीच. गुलछडी, जिला कोणी निशिगंध म्हणते, ती जवळजवळ वर्षभर असते, थंडीत कमी होते. झेंडू कायम असतो, पण गणपती, दसरा, दिवाळीला त्याच्या भावाकडे बघवत नाही. जरबेरा आणि डच गुलाब पॉलिहाऊसमधले, म्हणून बारमाही.

आपल्या लग्नांचा हिशेब मात्र चांद्र वर्षाने चालतो. बऱ्याच घरांत रमजानमध्ये लग्न होत नाही, मुहर्रममध्ये टाळतात, आणि ईद झाली की शव्वालमध्ये हॉल मिळत नाहीत. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून शव्वाल दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये ईद जूनच्या मध्यावर होती; शव्वालची लग्ने पावसात झाली. २०२३ मध्ये ती एप्रिलच्या विशीत होती, ऐन मोगऱ्यात. २०२६ ची मार्चमध्ये. हिशेबाप्रमाणे २०३० ची ईद फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येईल. म्हणजे शव्वालची लग्ने आणि १४ फेब्रुवारी एकाच पंधरवड्यात. मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब तेव्हा परदेशी आणि मोठ्या शहरांत पाठवायची घाई असते, आणि गुलाबाचा भाव वर्षात सर्वांत चढा असतो. थोरल्या बहिणीच्या शव्वालमधल्या लग्नाचा अल्बम उघडून "आपलंही तसंच, महिनाही तोच" म्हणणाऱ्या धाकटीला हे कॅलेंडर दाखवले पाहिजे. इस्लामी महिना तोच असतो, फुलांचा महिना बदललेला असतो. हिंदू शेजाऱ्यांच्या घरी ही अडचण येत नाही, कारण त्यांच्या पंचांगात अधिक महिना घालून ऋतूशी मेळ बसवलेला आहे. आपल्या घरात तो मेळ आपणच घालायचा.

डेकोरेटरकडे जाण्याआधी थोडे गणितही करावे. समजा स्टेजची मागची भिंत १६ फूट रुंद आणि ८ फूट उंच आहे. म्हणजे १२८ चौरस फूट. फोटोत आहे तशी ती गुलाबांनी गच्च भरायची, तर अडीच इंचाला एक फूल धरले तरी एका चौरस फुटाला २३ फुले लागतात. एकूण २,९०० च्या पुढे. डच गुलाब २० नगांच्या गड्डीत विकला जातो, म्हणजे जवळपास दीडशे गड्ड्या. हे सगळे फक्त पाठीमागच्या भिंतीला, जिच्यासमोर दोन माणसे तीन तास बसणार. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातले फुलांचे भाव वर्तमानपत्रात छापून येतात. झेंडू, मोगरा, सुटी शेवंती किलोवर, डच गुलाब २० नगांवर, जरबेरा गड्डीवर, लिलियम १० काड्यांवर. लग्नाच्या आधी दोन-तीन आठवडे ते वाचून वहीत उतरवून ठेवले, तर डेकोरेटरच्या आकड्यात फूल किती, मजुरी किती आणि हौस किती हे आपले आपल्याला दिसते. मजुरी कमी धरू नका. रात्रभर शिडीवर उभे राहून ती मुले काम करतात.

उजेडाबद्दल एकच सांगतो. फोटो बहुतेक दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीसमोर काढलेले असतात. आपल्या हॉलमध्ये पिवळे दिवे आणि वरून निळे-गुलाबी फोकस. पिवळ्या दिव्याखाली जांभळे फूल काळपट दिसते, आणि निळ्या फोकसमध्ये लाल गुलाबाचीही तीच गत. रंग ठरवण्याआधी संध्याकाळी हॉलमध्ये जाऊन, दिवे लावायला सांगून, दोन फुले हातात धरून पाहावे. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

या सगळ्या हिशेबात मुलीचे मन कुठे बसते, ते एका लग्नात आम्हाला नीट दिसले. मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी, वडिलांचे तालुक्याच्या गावात छोटे गॅरेज. लग्न डिसेंबरच्या अखेरीस. तिने बोर्डावर ६२ फोटो जमवले होते. डेकोरेटरने त्यातला पहिला पाहून आकडा सांगितला, तो ठरलेल्या मेहरच्या दुपटीहून जास्त होता. अब्बा म्हणाले, "मुलीला नवरा जे देणार त्याच्या दुप्पट मी एका रात्रीच्या फुलांना देऊ?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मुलगी काहीच बोलली नाही, आणि त्यामुळे अम्मीला रडू आले.

आम्ही मुलीला घेऊन बसलो आणि चित्रवर्णन घेतले. वहीत चार रकाने: फूल कोणते, रंग कोणता, फुले कुठे लावली आहेत, चित्रात कोण आहे. ६२ फोटो लिहून काढायला दीड तास गेला. पहिल्या रकान्यात तिला निम्म्याहून अधिक फुलांची नावे सांगता आली नाहीत, म्हणजे फुलाच्या जातीवर तिचा जीव नव्हता. रंगाच्या रकान्यात पांढरा, पांढरा, पांढरा. तिसऱ्या रकान्यात मोठे स्टेज फक्त नऊ ठिकाणी आले. बाकीच्यांत एकच वस्तू वेगवेगळ्या रूपांत होती: फुलांच्या माळांचा परदा. दोन वर्षांपासून ही चित्रे सगळीकडे दिसतात. मधे माळांचा झिरझिरीत परदा, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, काजीसाहेब शेजारी. चौथ्या रकान्यात तिने प्रत्येक वेळी लिहिले होते: नवरी.

आम्ही विचारले, "हा परदा तू लावणार कुठे? तुमच्याकडे निकाह मशिदीत आहे ना?" तिच्या सासरची पद्धत तशीच होती. असरनंतर मशिदीत निकाह, मुलगी हॉलच्या आतल्या खोलीत बायकांबरोबर. वकील आणि दोन गवाह खोलीच्या दाराशी येणार, तिची इजाजत घेणार आणि मशिदीत जाणार. समोरासमोर बसणे नाहीच, मग मधला परदा कसला?

ती म्हणाली, "टीचर, माझं काम तेवढ्या दोन मिनिटांचंच आहे. अब्बा, चाचा आणि मामू दारात येणार, मी हो म्हणणार, ते निघून जाणार. बाजीच्या वेळी तर खोलीत इतका गोंधळ होता की ती काय बोलली ते कोणालाच ऐकू आलं नाही. एका खालानं 'हो म्हणाली, हो म्हणाली' असं ओरडून सांगितलं. या फोटोंत ती दोन मिनिटं नीट आहेत."

स्टेजचा विषय तिथेच मिटला. अब्बांना तिचे बोलणे आम्ही सांगितले नाही. तिनेच सांगितले, आणि तेच बरोबर होते. ते बराच वेळ वही चाळत बसले आणि मग म्हणाले, "परदा दाराला लावता येईल."

दाराची चौकट मोठी होती, दुहेरी. सहा फूट रुंदीला चार इंचांवर एक माळ धरली, म्हणजे १८ माळा, प्रत्येक पाच फुटांची. एकूण ९० फूट. जुन्या मापाने ६० हात. फोटोंत मोगरा होता, पण डिसेंबरात मोगऱ्याचा नाद सोडला. गुलछडीची सुटी फुले लांबीने ओवली तर फुटाला सहा बसतात, म्हणजे ५४०. त्यात फूटभर अंतरावर एक छोटी पांढरी शेवंती, म्हणजे आणखी ९०. शेवंतीचे ते दिवसच होते. सकाळी सात वाजता फुले आली, ओल्या मलमलमध्ये गुंडाळून बांबूच्या टोपलीत ठेवली. खाला, फुफी, दोन चुलत बहिणी आणि शेजारच्या काकू ओवायला बसल्या. काकू रोज देवासाठी हार ओवतात, त्यांची सुई सगळ्यांत जलद. दोन तासांत १८ माळा झाल्या. एका माळेत फुफीने शेवंती घालायची विसरली, ती तशीच लागली.

संध्याकाळी परद्याच्या आत ती, आणि तिच्याबरोबर फक्त अम्मी आणि बाजी. बाकी बायकांना बाजूला बसवले होते. अब्बाच वकील होते. परद्याच्या बाहेर उभे राहून त्यांनी नवऱ्या मुलाचे नाव, मेहरची रक्कम, सगळे पूर्ण सांगितले आणि विचारले. तिने उत्तर दिले, ते आम्हाला मागच्या रांगेत ऐकू आले. दोन मिनिटांऐवजी सहा-सात लागली. मशिदीतून मौलानासाहेबांचा फोन आला की सगळे ताटकळले आहेत, काय झाले?

स्टेजवर डेकोरेटरच्या साठ्यातले पांढरे कापड, दोन कोपऱ्यांत जरबेरा आणि भरपूर हिरवा पाला, एवढेच होते. नणंदेने "स्टेज रिकामं रिकामं वाटतंय" असे म्हटले आणि ते अम्मीच्या कानावर गेले. अम्मीला त्याची बोच अजून आहे. भेटल्या की म्हणतात, "टीचर, निदान मागची भिंत तरी भरायला हवी होती." आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. लोकांच्या नजरेला काय दिसते याचीही एक किंमत आईला मोजावी लागते, आणि ती मुलीला अजून कळायची आहे.

फुलांवर खर्च करणे म्हणजे इसराफ, असे म्हणून विषय बंद करणारे बुजुर्ग आहेत. आम्हाला ते टोक वाटते. फुलांशिवाय आपली लग्ने कधी झालीच नाहीत. उर्दूत तर सेहरा फुलांचाही असतो आणि शब्दांचाही. १८५२ मध्ये बहादूरशाह जफर यांचे शहजादे जवां बख्त यांच्या लग्नात गालिब आणि जौक दोघांनीही सेहरे लिहिले, आणि त्यावरून दोघांत जी टक्कर झाली ती उर्दूच्या वर्गात सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही जागी होतात. पण फुलांचे बिल मेहरच्या पुढे जाऊ लागले की अब्बांचा तो प्रश्न प्रत्येक घरात विचारला जावा, असे आम्हाला वाटते.

ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत लग्न आहे त्यांनी डेकोरेटरशी बोलताना फोटो जरूर दाखवावा, पण सौदा फोटोवर करू नये. "फोटोप्रमाणे" हा शब्द चिठ्ठीत आला की भांडणाची सोय झाली. चिठ्ठीत फुलांची नावे लिहा, ताजी की कापडी ते लिहा, किती फूट आणि कुठे ते लिहा. ठरलेले फूल त्या दिवशी बाजारात आले नाही तर त्याऐवजी कोणते लावणार आणि भावाचे काय, हेही आधीच लिहा. नाहीतर शेवंतीच्या जागी झेंडू दिसतो आणि बिल गुलाबाचे येते. काम किती वाजता पूर्ण होणार तेही लिहा. आदल्या रात्री लावलेला गुलाब दुसऱ्या दिवशी जोहरपर्यंत कडेने तपकिरी होतो, आणि उन्हाळ्यात त्याआधीच. डेकोरेटरच्या मोबाइलमधले फोटो त्याच्याच कामाचे आहेत का, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. तुमच्याच हॉलमध्ये त्याने केलेल्या कामाचा फोटो मागा. भिंत आणि पंखे ओळखीचे दिसले पाहिजेत.

काड्या खोचायला हिरव्या स्पंजसारखा फोम वापरतात, तो प्लास्टिकच असतो. मातीत विरघळत नाही. तो नको असेल तर आधी सांगा. पाण्याच्या बाटल्या, मडकी, ओला पेंढा यांवर काम करणारे कारागीर अजून आहेत.

आणि कार्यक्रम संपल्यावर उरलेली फुले कोणाची, हे चिठ्ठीच्या शेवटी एका ओळीत लिहून घ्या. रुखसतीच्या गडबडीत घरचे सगळे दारात रडत असतात, आणि चांगले हार, न उमललेले लिलियम आणि कार्नेशनच्या गड्ड्या टेम्पोत चढतात. त्या वेळी स्टेजपाशी घरातले एक माणूस उभे ठेवा. शक्यतो असे, ज्याला रडू येत नाही.